आरोपी क्रमांक ४ आणि अर्जातला तो रकाना

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातला एक मुलगा कोपरखैरण्याहून ठाण्याला आमच्या घरी आला आणि चहा येईपर्यंतही न थांबता त्याने मोबाईलवरचा एक अर्ज माझ्यासमोर धरला. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली, तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या घराघरांत नोकरीचा विषय निघतो, आणि हा मुलगाही विमानतळावर सामान हाताळणाऱ्या एका कंपनीत अर्ज करीत होता. शिक्षण, पत्ता, येणाऱ्या भाषा असे सारे रकाने भरून झाले होते. एकच उरला होता : ‘तुमच्याविरुद्ध कधी कोणताही फौजदारी गुन्हा नोंदवला गेला आहे काय?’ त्यापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन गोल होते आणि खाली खुलाशासाठी एक कागद जोडण्याची सोय होती.

त्याच्यावर गुन्हा आहे. विमानतळाला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी २४ जून २०२१ रोजी बेलापूरला सिडकोवर जे आंदोलन झाले, त्यात तो आपल्या गावच्या पोरांबरोबर गेला होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. करोनाचे निर्बंध लागू होते, आणि काही दिवसांनी इतरांबरोबर त्याच्याही नावाची नोटीस घरी आली. ज्या विमानतळाच्या नावासाठी गुन्हा अंगावर घेतला, त्याच विमानतळावरच्या नोकरीच्या अर्जात तो सांगायचा की नाही, हा प्रश्न घेऊन तो आला होता. घरातल्या कुणीतरी त्याला सांगितले होते की ताईला विचार, तिचे हे सगळे झाले आहे.

ते खरे आहे. मी एका खटल्यातली आरोपी क्रमांक ४ होते.

२०१५ च्या सप्टेंबरात माझ्या वहिनीने माझा भाऊ, आई, बाबा आणि मी अशा चौघांविरुद्ध ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. कलमे होती भारतीय दंड संहितेची ४९८-अ, ३२३, ५०४, ५०६ आणि ३४, म्हणजे सासरी विवाहितेचा छळ, मारहाण, चिथावणारा अपमान, धमकी, आणि हे सारे संगनमताने. तिची तक्रार पूर्ण खोटी होती असे मी तेव्हाही म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. भावाच्या आणि तिच्या संसारात जे बिघडले त्यातले बरेचसे आमच्या घराच्या भिंतींनी पाहिले होते. पण त्या काळात मी पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होते, आणि फिर्यादीत माझ्याविषयी जे एकच वाक्य होते ते असे की नणंद सुट्टीत घरी आल्यावर टोमणे मारून पतीला चिथावीत असे. त्या एका वाक्यावर मी आरोपी झाले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये आणि अटकेची गरज नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवावे असे पोलिसांना बजावले होते, त्याचा लाभ मला मिळाला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-अ कलमाखालची नोटीस घेऊन मी दोनदा पोलीस ठाण्यात जबाब देऊन आले. अटक झाली नाही. २०१६ मध्ये दोषारोपपत्र दाखल झाले, त्यातही माझे नाव राहिले, आणि कोर्ट नाक्यावरच्या न्यायालयात हजर होऊन मी जातमुचलका, म्हणजे तारखांना हजर राहण्याची स्वतःची लेखी हमी, लिहून दिला. पुढे २०१८ मध्ये भाऊ आणि वहिनी यांनी परस्परसंमतीने घटस्फोट घेतला. ४९८-अ हे आपल्याकडे आपसांत मिटवता येणारे कलम नसल्यामुळे उच्च न्यायालयात अर्ज करावा लागला. वहिनीने हरकत नसल्याचे शपथपत्र दिले, ती स्वतः न्यायालयात उभी राहिली, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ कलमाखालच्या अधिकारात तो गुन्हा आणि त्यावरचा खटला रद्द केला. तोवर दोषारोप निश्चितही झाले नव्हते, म्हणजे खटला कोणत्या आरोपांवर चालवायचा हे न्यायालयाने ठरवलेही नव्हते. एकाही साक्षीदाराचा जबाब कधी झाला नाही.

इतके तपशील देण्याचे कारण असे की नोकरीच्या अर्जातला प्रश्न ज्या शब्दांत विचारलेला असतो, त्या प्रत्येक शब्दाला या तपशिलांतला वेगळा तुकडा लागू होतो. मला अटक झाली नव्हती. माझ्यावर गुन्हा नोंदवला गेला होता. माझ्याविरुद्ध खटला दाखल झाला होता. मला शिक्षा झाली नव्हती. आणि मी निर्दोष सुटले असेही कागदावर कुठे नव्हते, कारण निर्दोष सुटायला आधी खटला चालावा लागतो. माझा खटला चाललाच नाही, तो पुसला गेला. लोक बोलताना हे सारे एकाच ‘केस मिटली’ या शब्दांत गुंडाळतात. अर्ज भरताना तसे गुंडाळले की माणूस फसतो.

मी पहिल्यांदा फसले ती २०१७ मध्ये, आणि गंमत अशी की खोटे न लिहिता फसले. महापे येथील एका कंपनीत हिशेब विभागात माझी निवड झाली होती. तिच्या अर्जात प्रश्न इतकाच होता की तुम्हाला कोणत्याही न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे काय. मी ‘नाही’वर खूण केली, आणि ते अक्षरशः खरे होते. अर्जाच्या शेवटी मात्र एक जाडजूड वाक्य होते, ज्याचा आशय असा की माझ्या विश्वासार्हतेवर परिणाम करील अशी कोणतीही माहिती मी दडवलेली नाही. त्याखाली मी सही केली. रुजू होण्याच्या आधीच्या आठवड्यात, पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या संस्थेला न्यायालयांच्या ऑनलाईन नोंदींत माझे नाव सापडले. आता जिल्हा आणि तालुका न्यायालयांतले खटले पक्षकाराच्या नावाने कुणालाही शोधता येतात, आणि माझे आडनाव काही इतके सर्रास आढळणारे नाही. मनुष्यबळ विभागातल्या बाईंचा फोन आला. त्या सौजन्याने बोलल्या, पण त्यांचा प्रश्न एकच होता, ‘तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?’ तुम्ही विचारले नव्हते, हे माझे उत्तर त्यांना उद्धटपणाचे वाटले असावे. दोन ओळींचा मेल आला आणि ती नोकरी गेली.

त्या दोन ओळी वाचून मी जे वाचायला लागले, त्यातून मला अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २१ जुलै २०१६ चा निकाल सापडला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो दिला आणि न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांनी तो लिहिला आहे. नोकरीपूर्वीच्या पडताळणीत माहिती दडवणे या विषयावर त्याआधी न्यायालयाचे निकाल दोन्ही दिशांनी गेले होते. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराने मारहाणीचे, तडजोडीने मिटलेले प्रकरण अर्जात लिहिले नव्हते, तरी तरुण वयातल्या चुकीकडे उदारपणे पाहावे म्हणून न्यायालयाने त्याची बाजू घेतली होती. त्याआधी २००३ मध्ये केंद्रीय विद्यालयातल्या एका शिक्षकाच्या बाबतीत मात्र खोटी माहिती दिली हेच नोकरी जाण्यास पुरेसे मानले होते. अवतार सिंग निकालाने या साऱ्याचा मेळ घालून काही सूत्रे सांगितली, आणि ज्या कुणाला अशा रकान्यासमोर बसायचे आहे त्याने ती वकिलाकडून ऐकण्याआधी स्वतः वाचावीत असे माझे मत आहे.

त्यातले पहिले सूत्र कठोर आहे : शिक्षा, निर्दोष मुक्तता, अटक किंवा प्रलंबित खटला, यांपैकी जे विचारले असेल त्याची माहिती खरी असली पाहिजे. पण लगेच पुढे असे की गुन्हा क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ तरुण वयात घोषणा दिल्याचा, आणि तो सांगितला असता तरी माणूस नोकरीला अपात्र ठरला नसता, तर माहिती दडवल्याबद्दल नियोक्ता आपल्या अधिकारात ती चूक माफ करू शकतो. ‘करू शकतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केलीच पाहिजे असे त्यात नाही. उलट बाजूने, तुम्ही संपलेल्या खटल्याची माहिती प्रामाणिकपणे दिली तरी नियोक्त्याला तुमच्या पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार उरतोच, त्याला तुम्हाला नेमण्याची सक्ती करता येत नाही. नैतिक अधःपतनाच्या किंवा गंभीर गुन्ह्यात एखादा तांत्रिक मुद्द्यावर किंवा संशयाचा फायदा मिळून सुटला असेल, तर त्या सुटकेचा दर्जाही पाहिला जातो. नोकरीत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला माहिती दडवल्याच्या कारणावरून काढायचे असेल तर आधी विभागीय चौकशी व्हावी लागते. आणि माझ्या प्रकरणाला सर्वांत जवळचे सूत्र हे की पडताळणीच्या नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगणे बंधनकारक आहे, आणि जे विचारलेच नव्हते ते न सांगितल्याबद्दल माहिती दडवल्याची कारवाई करता येत नाही, मात्र ते नंतर कळले तर योग्यता ठरवताना त्याचा वस्तुनिष्ठ विचार करता येतो.

हे वाचून मला आधी आनंद झाला आणि नंतर तो ओसरला. तो निकाल सरकारी नोकरीच्या संदर्भातला आहे. संविधानाची समानतेची आणि सरकारी नोकरीतल्या समान संधीची कलमे १४ आणि १६ राज्यसंस्थेला बांधतात. महापे, रबाळे किंवा ऐरोलीतल्या खासगी कंपनीने नियुक्तीपत्र मागे घेतले तर ती कलमे घेऊन उच्च न्यायालयात जाण्याची वाट सहसा नसते. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ मध्ये कायदाच केला की खासगी मालकानेसुद्धा नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला शिक्षेची नोंद विचारू नये, आणि पुढे इतर अनेक राज्यांनी त्या प्रकारचे कायदे केले. आपल्याकडे खासगी मालकाने काय विचारावे आणि केव्हा विचारावे याला असा बांध नाही. त्यामुळे ‘विचारले नव्हते’ हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने कितीही सरळ असले तरी खासगी नोकरीत ते फोनवर ऐकू येत नाही.

दुसरा अर्ज अगदी वेगळ्या जातीचा होता. २०२१ मध्ये एका निमसरकारी आस्थापनेत लिपिक म्हणून परीक्षेतून माझी निवड झाली आणि हातात साक्षांकन नमुना आला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना सांगते, त्यात वरच ठळक अक्षरांत इशारा असतो की खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरेल. मग एकाच प्रश्नाचे तुकडे पाडलेले असतात : तुम्हाला कधी अटक झाली आहे काय, तुमच्यावर कधी खटला भरला गेला आहे काय, तुम्ही कधी स्थानबद्ध होता काय, तुमच्याकडून कधी बंधपत्र घेतले गेले काय, न्यायालयाने दंड केला काय, दोषी ठरवले काय, हा नमुना भरताना एखादे प्रकरण प्रलंबित आहे काय. त्या वेळी मला हा नमुना निर्दयी वाटला होता. आज मला वाटते की माझ्यासारखीसाठी तोच अधिक न्याय्य होता, कारण त्यात मोघमपणाला जागा नव्हती आणि म्हणून माझ्या उत्तरांनाही नव्हती.

अटकेपुढे मी ‘नाही’ लिहिले. खटल्यापुढे ‘होय’. दोषी ठरण्यापुढे ‘नाही’, प्रलंबित प्रकरणापुढे ‘नाही’. बंधपत्रापाशी मी अडले. न्यायालयात हजर झाल्यावर मी जातमुचलका दिला होता. ते बंधपत्र नव्हे काय? आमच्या वकीलसाहेबांनी सांगितले की तो प्रश्न चॅप्टर केसचा आहे, म्हणजे शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी घेतल्या जाणाऱ्या बंधपत्राचा, आणि खटल्यात हजर राहण्याच्या हमीचा जातमुचलका त्यात येत नाही. मी तिथे ‘नाही’ लिहिले, पण सोबतच्या पुरवणीत जातमुचलक्याचा उल्लेख एका वाक्यात केला. ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतात तिथे आपल्या सोयीचा अर्थ मनात ठेवून गप्प बसणे मला बरोबर वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर तितके धैर्यही नव्हते.

पुरवणी एका पानाची होती. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे, दोषारोपपत्राचा दिनांक, खटला क्रमांक, उच्च न्यायालयाच्या आदेशाचा दिनांक, आणि आदेशाची प्रमाणित प्रत जोडली आहे असे शेवटचे वाक्य. वहिनीबद्दल, घराबद्दल, माझ्या वसतिगृहाबद्दल एक शब्दही नाही. बाबांचा आग्रह होता की ‘आपण कसे नाहक गोवले गेलो’ हे लिहावेच. मी ते लिहिले नाही, कारण ते वाचणाऱ्याला माझी बाजू खरी की वहिनीची खरी हे ठरवायचे नव्हते, आणि तिच्या गैरहजेरीत तिच्यावर निकाल देण्याचा मलाही अधिकार नव्हता.

यानंतरचा भाग कुणी आगाऊ सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून हवालदार आले. त्यांनी नोंदवही पाहून आले असल्याचे सांगितले आणि म्हणाले, ‘ताई, आमच्याकडे अजून चार्जशीट दाखल एवढंच दिसतंय.’ उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करून दोन वर्षे झाली होती, पण तो आदेश पोलीस ठाण्याच्या नोंदीपर्यंत चालत गेलेला नव्हता. आदेशाला पाय नसतात, ते आपल्याला द्यावे लागतात. इतकेच नव्हे, तर ठाण्याच्या न्यायालयातही आमचा खटला काही महिने तारखांवर चालूच राहिला होता, कारण वरचा आदेश खालच्या न्यायालयात कुणी हजरच केला नव्हता, आणि ऑनलाईन नोंदीत तो ‘प्रलंबित’ दिसत होता. मी प्रमाणित प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेले, अर्ज दिला, आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. तो शिक्का मारून द्यायला तीन फेऱ्या लागल्या. नंतर विशेष शाखेतून अहवाल गेला, आणि निवडीच्या यादीतले माझे सोबती रुजू झाल्यावर चार महिन्यांनी माझे नियुक्तीपत्र आले. सेवाज्येष्ठतेत त्या चार महिन्यांचे काय झाले, ती वेगळी कथा आहे.

म्हणून गुन्हा रद्द झालेल्या, खटल्यातून सुटलेल्या किंवा आरोपमुक्त झालेल्या प्रत्येकाला मी एवढेच सांगते की नोकरी समोर आल्यावर नक्कल विभागाकडे धावू नका. ज्या दिवशी आदेश होतो त्याच आठवड्यात प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा, निदान तीन प्रती घ्या, एक खालच्या न्यायालयात, एक पोलीस ठाण्यात द्या, आणि ऑनलाईन नोंद बदलली की नाही ते स्वतः पाहा. न्यायालय माणसाला निर्दोष ठरवू शकते किंवा त्याच्यावरचा खटला रद्द करू शकते. पण कोरा कागद त्याला परत मिळत नाही, मिळतो तो आणखी एक कागद, आणि तो सांभाळायचा असतो.

प्रामाणिकपणाची एक किंमत मी दिली तीही सांगायला हवी. पुरवणी गोपनीय असते असे म्हणतात. माझी पुरवणी आस्थापना विभागातल्या किती टेबलांवरून गेली ते मला माहीत नाही, पण रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात उपाहारगृहात एका सहकाऱ्याने मला, जणू हवापाणी विचारावे तसे, विचारले की तुमच्या घरात ते ४९८ चे काहीतरी होते ना. मी हो म्हटले आणि डबा उघडला. असे प्रसंग पुढे दोनदा झाले. हे लिहिले नसते तर झाले नसते, हे उघड आहे. पण मग दर वर्षी गोपनीय अहवालाच्या वेळी, दर बढतीच्या वेळी, पोटात जो गोळा आला असता तो मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, कारण आता मी स्वतः आस्थापनेचे काम पाहते.

त्या टेबलावरून जे दिसते त्यावरून माझे मत असे बनले आहे की बहुतेक लोक पाप लपवायला ‘नाही’ लिहीत नाहीत. आपले प्रकरण कोणत्या शब्दाखाली येते हे न कळल्यामुळे लिहितात. ज्याच्याविरुद्ध फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद झाली, तो आपल्यावर गुन्हा आहे असे समजून घाबरतो. आणि ज्याच्या गुन्ह्यात पोलिसांनी ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे खटला भरण्यासारखे काही नाही असा अहवाल, न्यायालयाकडे पाठवून प्रकरण बंद केले, त्याला वाटते की आपले काही झालेच नाही, मग त्या तपासात त्याला एक रात्र अटक झालेली असली तरी. दुसऱ्या माणसाच्या बाबतीत खटल्याच्या प्रश्नाला ‘नाही’ आणि अटकेच्या प्रश्नाला ‘होय’ हे बरोबर उत्तर आहे, पण ते लिहायला मन धजत नाही. अठरा वर्षांखालच्या वयात घडलेल्या प्रकरणांची गोष्ट वेगळी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ असे सांगते की त्यामुळे मुलाला सहसा कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ते पालकांना ठाऊक नसते म्हणून घरात वर्षानुवर्षे कुजबूज चालते. परदेशी जाणाऱ्यांचा घोटाळा आणखी निराळा. ऐरोलीला काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात ‘शिक्षा’ एवढाच शब्द वाचला. तिथे अटक आणि शिक्षा हे दोन्ही एकाच प्रश्नात विचारलेले असतात. सुदैवाने तो अर्ज पाठवण्याआधी आम्ही एकत्र वाचला.

आणि जे जाणूनबुजून ‘नाही’ लिहितात, त्यांना कुणीतरी सांगितलेले असते की पुढे न्यायालयात सुटता येते. सुटता येतेही. उत्तर प्रदेशातल्या २००४ च्या पोलीस शिपाई भरतीतल्या एका उमेदवाराने आपल्यावरच्या खटल्याची माहिती दिली नव्हती, तो त्या खटल्यात निर्दोष सुटला होता, तरी त्याची निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करणे चुकीचे ठरवले आणि अशा प्रत्येक प्रकरणाचा त्याच्या परिस्थितीनुसार विचार व्हावा असे पुन्हा सांगितले. तो निकाल फेब्रुवारी २०२४ चा आहे. भरती आणि निकाल यांच्यामध्ये किती वर्षे गेली ते मोजावे आणि मग ‘नाही’चा गोल रंगवावा.

तर कोपरखैरण्याच्या त्या मुलाचा अर्ज. त्याच्या मनात तीन समजुती होत्या. पहिली, आंदोलनाचे गुन्हे सरकार मागे घेते, म्हणजे आपला गेलाच असणार. महाराष्ट्रात राजकीय व सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात, आणि करोनाकाळातले निर्बंध मोडल्याचे गुन्हे मागे घेण्याचेही सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले होते, हे खरे. पण शासन निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असे नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात तसा अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. ती मिळाल्यावर, दोषारोप निश्चित झालेले नसतील तर आरोपमुक्ती आणि झालेले असतील तर निर्दोष मुक्तता असा परिणाम होतो. आम्ही त्याच्या खटल्याचा क्रमांक टाकून पाहिले. प्रलंबित होता. दुसरी समजूत अशी की १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, म्हणजे जुनी कलमे बाद झाली. तसे होत नाही, जुने खटले जुन्याच कलमांवर चालतात. तिसरी समजूत अशी की अटक झाली नाही म्हणजे सांगण्यासारखे काही नाही. इथे मी त्याला प्रश्नातले क्रियापद पुन्हा मोठ्याने वाचायला लावले : नोंदवला गेला आहे काय. त्यात अटक नव्हती, शिक्षा नव्हती, खटलाही नव्हता.

त्याने ‘होय’वर खूण केली तेव्हा त्याचा हात खरोखर थांबला होता. मी त्याला नोकरी मिळेल असे सांगितले नाही. विमानतळावरच्या प्रवेशपत्रासाठी पोलिसांची पडताळणी होतेच, आणि तिथे हे निघणारच होते. फरक इतकाच की ते कुणाच्या तोंडून आधी निघावे. आंदोलनातल्या गुन्ह्याला, तोही एकोणीसाव्या वर्षीच्या, एखादा समंजस अधिकारी काय वजन देईल याचा अंदाज मला आहे. पण अधिकारी समंजस असेलच याची हमी मी कुठून देणार?

जोडायच्या कागदासाठी त्याने दीड पान लिहून आणले होते. त्यात दिबांचे कार्य होते, भूमिपुत्रांवरचा अन्याय होता, मोर्चा शांततेत झाला हे होते, आणि ‘मी पूर्णपणे निर्दोष आहे’ हे वाक्य दोनदा होते. वाचून मला बाबांची आठवण झाली. आम्ही ते पाच ओळींवर आणले : गुन्हा क्रमांक व पोलीस ठाणे, कलमे, घटना कोणत्या आंदोलनातली व कोणत्या दिनांकाची, अटक झालेली नाही, खटला बेलापूर न्यायालयात प्रलंबित असून पुढील तारीख अमुक. निर्दोष असल्याचे वाक्य मी खोडले तेव्हा तो नाराज झाला. खटला चालू असताना ते ठरवणे ना त्याच्या हातात आहे ना कंपनीच्या, हे त्याला पटले की नाही कुणास ठाऊक, पण त्याने ते पुन्हा लिहिले नाही.

अर्ज गेला आहे, उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या तारखेला बेलापूरला जाशील तेव्हा रोजनाम्याच्या, म्हणजे तारखेच्या कामकाजाच्या नोंदीच्या, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करून ये आणि पावती जपून ठेव, एवढे सांगून मी त्याला ठाणे स्टेशनवर पनवेलच्या गाडीत बसवून दिले.